तासामागे वीस मिनिटं

गायकवाड मॅडमच्या खोलीत 'बिचारा' हा शब्द चालत नसे. 'बिचारी'ही नाही. जो कुणी तो उच्चारील त्याने खोलीतल्या सगळ्यांना चहा सांगायचा, असा नियम होता आणि तो त्यांनी कुणालाही माफ केला नाही. एकदा प्राचार्य स्वतः आले. त्यांच्या हातात कुठल्यातरी मुलाची उत्तरपत्रिका होती. "बिचाऱ्याने प्रयत्न केलेला दिसतोय," एवढंच ते म्हणाले. खोलीत तेव्हा दोन-तीन पालक, काही मुलं, मी आणि नळ दुरुस्त करायला आलेला एक माणूस होता. मॅडमनी दारातूनच शिपायाला हाक मारली, "अनंता, सरांकडून सगळ्यांना चहा सांग रे." प्राचार्यांना काही कळेना. चहा येईपर्यंत नळवाल्याने त्यांना नियम समजावून सांगितला. मग त्यांनीही एक कप घेतला आणि उभ्यानेच प्यायला.

ही खोली मुळात माझ्या ग्रंथालयाची. कर्जतहून खालापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं कॉलेज आहे, आणि ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला, एक जिना चढून, ही जागा. तिथे जुनी वर्तमानपत्रं आणि पाय मोडलेल्या खुर्च्या असत. मॅडम भूगोल शिकवायच्या. एक दिवस त्या आल्या, खिडकी उघडून पाहिली, आणि म्हणाल्या, "ओ ग्रंथालय, ही मला द्या." त्या कुणालाही त्याच्या खात्याच्या नावाने हाक मारायच्या. मी 'ग्रंथालय', वाणिज्य शाखेचे एक सर होते ते 'कॉमर्स', फी घेणारे बापट 'खिडकी'. नावं त्यांना माहीत होती, पण आजारपणात भेटायला गेलो तेव्हाही त्यांनी मला याच नावाने आत बोलावलं.

खोलीवर नियमाप्रमाणे 'समान संधी केंद्र' अशी पाटी लागली. पाटी वाचून कुणी यायचं नाही. ज्यांच्यासाठी ती खोली होती त्यांना पाट्या वाचण्याचीच अडचण होती, हे मॅडमनीच पहिल्यांदा हसत सांगितलं.

काही मुलांना विषय समजतो, तोंडाने सांगता येतो, पण वाचताना अक्षरं जागेवर राहत नाहीत, आणि लिहायला बसलं की हात डोक्याच्या फार मागे पडतो. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. अशा मुलांना परीक्षेत जास्त वेळ मिळतो, प्रश्न वाचून दाखवणारा मिळतो, सांगितलेलं लिहून घेणारा लेखनिक मिळतो. मिळतो म्हणजे अर्ज केला तर मिळतो. अर्जाला दाखला लागतो, दाखल्याला मुंबईच्या सरकारी रुग्णालयातली चाचणी लागते, चाचणीची तारीख लांबची मिळते. मग कॉलेजचं पत्र, विद्यापीठाची मंजुरी, आणि दर परीक्षेला लेखनिकाची माहिती नव्याने. शहरात ही गोष्ट चौथी-पाचवीत कुणाच्या तरी लक्षात येते. आमच्याकडे मूल बारा वर्षं 'मठ्ठ' हे नाव घेऊन कॉलेजात येतं आणि बहुधा पहिल्याच वर्षी गळतं.

मॅडमची ओळखण्याची पद्धत भूगोलातली होती. नव्या मुलाला त्या पहिला प्रश्न विचारत, "घरी कसं जायचं, सांग." कडावच्या पुढच्या एका गावातला मुलगा एकदा माझ्या देखत सांगत होता. कुठे भाताची शेतं संपून फार्महाउसची कुंपणं लागतात, डेअरीचा टेंपो कुठे वळतो, पाणी चढलं की कुठली वाट धरायची. मी त्या गावी कधी गेलो नाही, पण आजही जाऊ शकेन. ते संपल्यावर मॅडमनी त्याच्यापुढे कागद ठेवला. "आता हेच लिही." बराच वेळ गेला. कागदावर दोन ओळी आल्या आणि त्यातली एक खोडलेली होती. मॅडमनी कागदावर मत दिलं नाही. घडी घालून तो पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "उद्या आईला घेऊन ये. बाबा आले तर येऊ देत, पण आई पाहिजे."

त्याचे आईवडील दोघेही आले. वडिलांची दोन म्हशींची डेअरी होती. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, ह्या दाखल्यावर एसटी फुकट हाय का?"

"नाय," मॅडम म्हणाल्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकातली असे, पालकांपाशी ती लगेच त्यांच्या स्वतःच्या गावची होई. "एसटीचं तिकीट पडंल. पेपराला वेळ फुकट हाय. तासामागं वीस मिनिटं."

"वीस मिनटानं काय व्हतंय?"

"म्हैस पान्हवायला किती वेळ लागतो तुमाला?"

तो माणूस हसला आणि अंगठ्याच्या तयारीत असलेला हात काढून त्याने सही केली.

त्या ठेंगण्या होत्या, चालायच्या भराभर, आणि पायांत बाराही महिने पावसाळी रबरी चपला. स्टार्च केलेल्या सुती साडीखाली त्या चपला शोभत नसत, हे त्यांना लोकांनी सांगून पाहिलं होतं. खालापूर तालुक्यातल्या एका गावच्या बौद्धवाड्यात त्यांचं माहेर. लग्न त्यांनी केलं नाही. त्याविषयी त्या बोलत नसत, आणि मीही विचारलं नाही. लोक मात्र दुसरंच विचारायचे. एवढं करतात म्हणजे घरी कुणीतरी असं असणार, असा सगळ्यांचा तर्क. पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी मान तिरकी करून विचारलंच, "तुमच्या घरी आहे का कुणी असं?" मॅडम म्हणाल्या, "नाही हो. घरी सगळे शहाणे आहेत. म्हणून तर मी इथे जास्त वेळ असते."

त्यांना कारण विचारलं की त्या असंच काहीतरी बोलून वाट बदलत. मला वाटतं, कारण नव्हतंच. मुलाला उत्तर येतं आणि कागदावर दिसत नाही, ही गोष्ट त्यांना चुकीच्या नकाशासारखी खटकत असे. नकाशा चुकला की तो दुरुस्त करायचा. त्यात हळवं होण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं.

स्टाफरूममध्ये यावर मतं होती. कॉमर्सचे सर एकदा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "मॅडम, हल्ली हे फार निघालंय बुवा. आमच्या वेळी कुणाला नव्हतं असलं काही."

"होतं की."

"आमच्या वर्गात तर नव्हतं."

"वर्गात कसे राहतील? सातवीतच शाळा सोडून गेले ते. तुमच्या नेरळच्या घराचा स्लॅब कुणी टाकला?"

सरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्यांचा स्लॅब गळत नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

वैशाली आली ती आपण होऊन नाही. तिचा भाऊ अमोल तिला घेऊन आला. खालापूरच्या अलीकडे त्यांचं गाव, वडील रसायनीच्या एका कारखान्यात पाळीवर, अमोल एका कुरिअर कंपनीत. वैशाली दुसऱ्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षाचे विषय अजून मागे होते. मॅडमनी घरचा रस्ता विचारला. वैशाली बोललीच नाही. तिने बोटाने टेबलावर रस्ता काढून दाखवला, वळणासकट. अमोल मधे मधे सांगत होता, "बोल ना गं वैशू. मॅडम खात नायत." ती भावाकडे पाहायची आणि पुन्हा टेबलाकडे. शाळेत बाईंचा प्रश्न आपल्यापर्यंत येऊ नये म्हणून इतकी वर्षं तिने गप्प राहण्याचा अभ्यास केला होता. त्यात ती फार पुढे गेली होती.

दिवाळीनंतरची चाचणीची तारीख मिळाली. अमोल बहिणीला घेऊन मुंबईला गेला. काही आठवड्यांनी अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की दाखला देण्याइतपत अडचण आढळत नाही.

मॅडमनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग अमोल आणि वैशालीला बोलावून घेतलं. मीही तिथेच होतो.

"अमोल, चाचणीच्या आधी काही केलंत का तुम्ही?"

"हां मॅडम. तयारी करून घेतली ना."

"कसली तयारी?"

"चाचणीची. मित्राच्या भाच्याची झालेली तिथंच, त्याच्याकडनं काय काय विचारतात ते काढलं. सुट्टीभर रोज बसवली हिला. आकडं उलटं म्हणायचं, चित्रं बघून ध्यानात ठेवायची. वाचायला जो उतारा देतात ना, तो तर मी मोठ्यानं वाचून वाचून तोंडपाठ करून घेतला. एक अक्षर चुकली नाय." त्याच्या आवाजात अभिमान होता. मग तो थांबला. "तरी दाखला नाय दिला?"

"म्हणूनच नाही दिला."

अमोलला हे समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तो खुर्चीच्या कडेवर आला. "पन मॅडम, आमच्याकडं तर दाखला पास झाल्यावरच देतात."

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. वैशाली घाबरून भावाकडे बघायला लागली, मलाही वाटलं आता काहीतरी कठीण बोलतील. त्या वळल्या तेव्हा हसत होत्या, आणि हसताना डोळे पुसत होत्या. "तुझी चूक नाय रं बाबा. माझी हाय. इतकी वरसं हे काम करते, माणूस चाचणीला नापास व्हायला जातो हे मलाच साधं वाटाय लागलं. तुला सांगायचं राहिलं." पुढे प्रत्येक पालकाला त्या आधी बजावू लागल्या: मूल जसं आहे तसं न्या, काही शिकवू नका, केससुद्धा जास्त विंचरू नका.

फेरचाचणी लगेच होत नाही. मधे काही महिने जावे लागतात. कॉमर्सच्या सरांनी उपाय सुचवला, आणि तो त्यांनी चांगल्या मनाने सुचवला होता: "पुढच्या वेळी तिला सांगा, जरा मुद्दाम चुक. काम होऊन जाईल." मॅडमनी यावर टोमणा मारला नाही. त्या म्हणाल्या, "मुद्दाम चुकायला शिकवलं तर ती खरी कुठे चुकते, हे तिलासुद्धा कळायचं नाही. ते तिला कळायला पाहिजे, मला नाही."

उन्हाळ्याचे पेपर वैशालीने दाखल्याशिवाय दिले. दोन विषय राहिले, त्यात एक भूगोल. तिचे वडील रात्रपाळी करून तसेच कॉलेजात आले. उंच, वाकलेला माणूस. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मॅडम, तुमी करताय ते मला कळतंय. पन वावोशीचं स्थळ आलंय. पोरगा बरा हाय. मी त्यांना दिवाळीपावतर थांबवलंय. त्या टायमाच्या पेपराला निघाली तर शिकंल पुढं, मी नाय म्हननार नाय. नाय निघाली तर बस झालं."

"ती काय म्हणते?"

"ती कुठं काय म्हनते, मॅडम? तुमाला ठावं हाय."

वैशाली तिथेच होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, आणि टेबलावर पडलेला मॅडमचा एक नकाशा स्वतःकडे ओढून घेतला. एवढंच. वडील गेल्यावरही तो तिने सोडला नाही.

त्या पावसाळ्यात मॅडम आजारी पडल्या. शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरचे उपचार लांबणारे होते, आणि ते कशाचे होते हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी नाव घेत नव्हतं. त्या स्वतः घेत. "कॅन्सर आहे, क्षय नाही. जवळ बसा," असं त्यांनी मला सांगितलं. त्यांची रजा मंजूर झाली, आणि फेरचाचणीची तारीख नेमकी रजेत आली. त्या निघाल्या. एकट्याने जाण्यासारखी प्रकृती नव्हती म्हणून मी सोबत गेलो. वैशाली आणि अमोल होतेच. अमोलने यायला लागू नये म्हणून बरीच कारणं सांगितली होती. मॅडमनी एकच उत्तर दिलं होतं: "तू शिकवलंस, तूच सांगायचं."

तपासणारी मुलगी तरुण होती आणि तिच्यापुढे कागदांचा गठ्ठा होता. तिने जुना अहवाल काढला. मॅडमनी अमोलला पुढे केलं. तो चपराशासारखा हात बांधून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं: आकडे, चित्रं, उतारा.

"तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कुणी नाय. भाऊ हाय मी तिचा."

ती लिहिता लिहिता थांबली. मग मॅडमना म्हणाली, "पण मॅडम, एवढं शिकवल्यावर ती शिकली, हेही आहे ना?"

"शिकलीच. शिकवलं तर शिकते, ते मी लिहून देते. तुम्ही तिला पाठ नसलेलं काहीतरी वाचायला द्या. आणि एक पान लिहायला द्या."

चाचणीचा दुसरा संच काढला गेला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. अमोल एका जागी बसेना. मॅडमनी डोळे मिटले होते. झोपल्या असं मला वाटलं. पण अमोल चौथ्यांदा दाराशी गेला तेव्हा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "ये रं, बस. आत तुजं काय काम नाय आता." परतताना कल्याण गेल्यावर वैशालीने आपला खाऊचा डबा मॅडमपुढे धरला.

दाखला आला. या वेळी तो स्पष्ट होता. कॉलेजचं पत्र गेलं, मंजुरी आली. आता लेखनिक हवा होता. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणजे तो स्वतःची उत्तरं घालू शकणार नाही. अकरावीतली रेश्मा नावाची एक चुणचुणीत मुलगी तयार झाली. अक्षर सुरेख, हात जलद. सगळं जमून आलं, आणि मग लक्षात आलं की या साऱ्या खटपटीतून वैशालीला मिळालं होतं ते तिला सगळ्यांत कठीण जाणारं होतं. लिहिण्याच्या जागी आता तिला बोलायचं होतं. परक्या मुलीसमोर, पर्यवेक्षकासमोर, तीन तास आणि वरचा एक तास.

मॅडमची रजा चालू होती, तरी सराव घ्यायला त्या येत. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, आवाज उतरलेला, चपला त्याच. जिना चढवत नाही म्हणून त्यांनी सराव माझ्या वाचनकक्षातच लावला. त्यामुळे तो मला ऐकू येत असे, किंवा खरं म्हणजे ऐकू येत नसे. रेश्मा प्रश्न वाचायची. मग शांतता. पंख्याचा आवाज. मॅडम काहीच बोलत नसत. "सांग", "घाबरू नकोस", असलं काही नाही. त्या नखं बघत बसायच्या. मला वाटलं, हे असंच चालणार. तसं ते बरेच दिवस चाललंही.

रेश्माला त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला होता: "तू हात आहेस. डोकं घरी ठेवून यायचं. ती थांबली की पेन थांबलं पाहिजे." पण रेश्मा हुशार होती, आणि हुशार माणसाला गप्प बसवत नाही. एका दुपारी ती कंटाळली. नदीच्या गाळाच्या मैदानांवरचा प्रश्न होता. वैशाली गप्प. रेश्माने इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच्या मनाने खरडायला सुरुवात केली. तिने पाच-सहा ओळी लिहिल्या असतील. वैशाली कागदाकडे बघत होती. बोट ठेवून, एकेक शब्द करत, ती वाचत होती. तिला किती वेळ लागला! रेश्मा पुढे पुढे चाललेली, ही मागून बोट सरकवत येणारी.

मग ग्रंथालयात असा आवाज ऐकू आला, जो मी आधी कधी ऐकला नव्हता.

"हे मी नाय सांगितलं."

रेश्मा दचकली. "अगं, बरोबरच लिहिलंय."

"बरोबर असंल. मी नाय सांगितलं. खोड."

"अगं पण मार्क..."

"खोड म्हनते ना! गाळ असा एकदम नसतो येत. पुराच्या वेळंला येतो. आधी जाड रेती बसते, मग बारीक. आमच्या शेतात बघ येऊन. तू काय बघितलंयस गं?"

मॅडमनी नखांवरून नजर उचलली. रेश्माकडे वळून त्या कोरडेपणाने म्हणाल्या, "डोकं घेऊन आलीस ना आज? आता बाहेर ठेवून ये, तोवर आम्ही थांबतो." रेश्मा खरोखर उठून दारापर्यंत गेली आणि हसत परत आली. मग मॅडम वैशालीला म्हणाल्या, "हां. आधी जाड रेती. पुढं?"

पुढचे सराव मी ऐकले. वैशालीचा आवाज जाडसर आहे आणि ती बोलताना 'आधी', 'मग', 'त्याच्या मागनं' असं लावत जाते. कधी मधेच बंद पडे, आणि तो दिवस वायाच जाई. बोलेलच असा भरवसा शेवटपर्यंत नव्हता. पेपराच्या आदल्या दिवशीही ती गप्प होती. मॅडम म्हणाल्या, "बघू," आणि रिक्षा बोलवायला सांगितली.

निकाल नंतर लागला. तो इथेच सांगून टाकतो, म्हणजे त्याची वाट बघत कुणी बसायला नको. वैशाली भूगोलात पास झाली. दुसरा विषय काठावर निघाला. वावोशीच्या मंडळींना तिच्या वडिलांनी नकार कळवला. ती सध्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अजूनही फार बोलत नाही. निकाल लागला तेव्हा मॅडम नव्हत्या. त्यांचं जाणं थंडीत झालं. मुलं आली, पालक आले, तो डेअरीवालाही आला होता. त्यांच्या खोलीत आता नव्या बाई बसतात. त्या चांगलं काम करतात.

मी मॅडमना कॉलेजात शेवटचं पाहिलं ते भूगोलाच्या पेपराच्या दिवशी. वैशालीची बैठक तळमजल्यावरच्या एका लहान खोलीत वेगळी होती, म्हणजे बोलण्याचा इतरांना त्रास नको. विषयाच्या शिक्षकाने तिथे जवळपास असू नये असा नियम आहे. मॅडमनी तो अगदी काटेकोर पाळला. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ एक बाक आहे, तिथे त्या बसल्या. आवाज पोचेल पण शब्द कळणार नाहीत, एवढं ते अंतर होतं. पेपर सुरू झाल्यावर मी जाऊन त्यांच्याशेजारी बसलो. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्यांनी उघडली नव्हती.

आतून रेश्माचा प्रश्न वाचतानाचा आवाज आला. मग तो थांबला. बराच वेळ काही नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी बाक सरकवला. पर्यवेक्षक दारात येऊन बाहेर पाहून गेले. आमच्यावर त्यांची नजर पडली, तेव्हा मॅडमनी दुसरीकडे बघितलं. रेश्माने प्रश्न पुन्हा वाचला. पुन्हा शांतता. मी काहीतरी बोलायला गेलो. मॅडमनी हात वर केला.

मग तो जाडसर आवाज सुरू झाला. आधी अगदी खाली, तुटक. मधे थांबला, पुन्हा आला, आणि या वेळी थांबला नाही. शब्द कळत नव्हते. पण एका ठिकाणी तो चढला, स्पष्ट दटावणीच्या सुरात, आणि त्यावर रेश्माचा "बरं, बरं" असा सूर ऐकू आला. काहीतरी खोडलं गेलं असावं.

मॅडमनी बाटलीचं बूच काढलं, दोन घोट पाणी प्यायल्या, आणि उठल्या.

"थांबत नाही?" मी विचारलं. "अजून बराच वेळ आहे."

"तिला आहे," त्या म्हणाल्या.

फाटकापर्यंत येतो म्हटलं तर नको म्हणाल्या. भिंतीला हात न लावता व्हरांडा उतरल्या आणि उन्हातून मैदान ओलांडू लागल्या. मधे एकदा थांबल्या, तेव्हा मला वाटलं मागे वळून बघतील. त्या दम घेत होत्या. तो घेऊन झाल्यावर त्या पुढे चालू लागल्या.